रक्तवाढीच्या गोळ्या: आठ महिन्यांचा अनुभव

जिना चढताना धाप लागायची म्हणून तपासणी केली, हिमोग्लोबिन निघालं ८.२. १०० मिलिग्रॅम लोहाची फेरस अ‍ॅस्कॉर्बेटची गोळी सुरू झाली, सोबत कॅल्शियम. चिठ्ठीवर फक्त ‘सकाळी १’. मी दोन्ही गोळ्या सकाळच्या चहाबरोबर एकदमच घ्यायचे.

दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन ८.५. वर मळमळ आणि बद्धकोष्ठ. शौचाला काळं होतंय हे पाहून तर मी घाबरले आणि आठवडाभर गोळी बंदच ठेवली.

मग माहेरी गेले. वहिनीला दिवस गेलेले, म्हणून तिच्याबरोबर उपकेंद्रात गेले. तिथे गरोदर बायकांना लाल गोळी देतात, ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची. माझं रडगाणं ऐकून तिथल्या सिस्टर म्हणाल्या, “ताई, गोळी कशाबरोबर घेता?” हे मला तोवर कुणीच विचारलं नव्हतं.

चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, ते अंगी लागू देत नाही. कॅल्शियम आणि दूधही आड येतं. म्हणून गोळी जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची. चहा तासभर आधी नाही, नंतरही नाही. कॅल्शियम दुसऱ्या वेळेला. मळमळत असेल तर रात्री झोपताना. काळा रंग न शोषलेल्या लोहाचा, त्याला भ्यायचं नाही. पण डांबरासारखं चिकट झालं किंवा रक्त दिसलं तर डॉक्टर गाठायचा. एवढं सांगून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “आता तुम्ही मला सांगा, उद्या गोळी कशी घेणार?” मी कॅल्शियमचं विसरले. त्यांनी न रागावता पुन्हा सांगितलं. ही दोन मिनिटं मला आधी मिळाली असती तर दोन महिने वाया गेले नसते, याची खंत अजून वाटते.

महिन्याभरात ९.७, चार महिन्यांनी १२.३. मला वाटलं, सुटले. पण अंगातला लोहाचा साठा भरायला आणखी तीन महिने लागतात, म्हणून डॉक्टरांनी गोळी चालूच ठेवलीय, आता एक दिवसाआड. एका गोळीनंतर साधारण दिवसभर शरीर लोह कमी घेतं, त्यामुळे काहींना असं चालतं. मला मळमळ जवळजवळ थांबली. (डबा मात्र उंच फळीवर ठेवा, लहान मुलांनी या गोळ्या खाल्ल्या तर जिवावर बेततं.)

परवा शेजारच्या काकूंनाही याच गोळ्या सुरू झाल्या. मी लगेच विचारलं, कशाबरोबर घेता?

“दुधाबरोबर,” त्या म्हणाल्या. मी चप्पल काढून आत जाऊन बसले.