परदेशातून घरचे लग्न ठरवताना: बोलून पाठवावे की लिहून?

धाकट्या बहिणीचे लग्न ठरले तेव्हा मी दुबईत, सोनापूर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कामगार वस्तीत राहत होतो आणि घरचे सगळे सोलापुरात होते. वडिलांना आता धावपळ झेपत नाही, त्यामुळे कार्यालय, आचारी, पत्रिका, बस्ता या सगळ्याचा भार थोरल्या चुलतभावावर, म्हणजे अण्णांवर, आला. अण्णा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे यंत्रमाग (लूम) चालू ठेवणारे कारागीर, आहेत आणि मी वायरमन. पैशांचा आणि निर्णयांचा वाटा माझ्याकडे, उन्हातान्हात फिरण्याचा त्यांच्याकडे, अशी वाटणी झाली. पहिले दोन महिने आम्ही व्हॉइस मेसेजवर काढले आणि पुढचे दोन कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवण्यावर. दोन्ही रीती पुरेशा वापरून झाल्या आहेत. आखातात राहणाऱ्या ज्या भावांना येत्या हंगामात घरचे कार्य उरकायचे आहे, त्यांना निवड करताना उपयोग व्हावा म्हणून दोन्हींचा माझा अनुभव मांडतो.

थेट फोनवर बोलण्याचा पर्याय आधी बाजूला ठेवतो. अमिरातीत व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाही, हे तिथे राहणाऱ्याला सांगायला नको. परवानगी असलेले बोटिमसारखे ॲप दोन्ही टोकांना घ्यावे लागते आणि अण्णांच्या जुन्या फोनमध्ये त्याला जागाच नव्हती. व्हीपीएन लावून बोला, असा सल्ला देणारे खोलीत दोघेतिघे होते, पण परक्या मुलखात कायद्याशी खेळ नको म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. शिवाय आमच्या वेळाही जुळत नव्हत्या. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात तिथे उघड्यावरचे काम दुपारी साडेबारा ते तीन बंद ठेवावे लागते. मी स्लॅबवर कंड्युट पाइप टाकण्याच्या कामावर होतो, म्हणून ती अडीच तासांची सावली मला मिळत असे. तेव्हा सोलापुरात दोन ते साडेचार वाजलेले असतात आणि अण्णा नेमके लूमच्या खडखडाटात उभे असतात. तिथे फोन कानाला लावला तरी समोरच्याचा शब्द कळत नाही.

म्हणून व्हॉइस मेसेज. त्याची बाजू मनापासून मांडली पाहिजे, कारण पहिले दोन महिने मला त्याने फार आधार दिला. दुपारी सावलीत बसून, हातात पाण्याची बाटली घेऊन, मनात येईल ते पाच-सात मिनिटे बोलून टाकायचे आणि अण्णांनी पाळी सुटल्यावर घरी जाऊन ऐकायचे. आईला लिहिलेले वाचता येत नाही. तिच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन त्याच उन्हाळ्यात झाले होते आणि पट्टी असताना ती दिवसभर माझे जुने मेसेज पुन्हा पुन्हा लावायला सांगत असे, हे वहिनींनी मला नंतर सांगितले. मुलाकडची माणसे कशी वाटली, हे वहिनींनी मला आवाजातच कळवले. "माणसं साधी हाईत की, भाऊजी," एवढे एकच वाक्य होते, पण त्यांच्या बोलण्यातला सुटलेला ताण ऐकून मी निर्धास्त झालो. तीच ओळ लिहून आली असती तर मी चार शंका विचारल्या असत्या. घरची खुशाली, आजारपण, कोणाचा रुसवा, कोणाची समजूत, या गोष्टींना आवाजच हवा, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही.

माझे मत फिरले ते तारखेवरून.

आषाढी जुलैच्या पहिल्याच आठवड्यात होऊन चातुर्मास लागला होता. मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरचे पाहायचे होते आणि पौष आमच्याकडे चालत नाही, म्हणून मार्गशीर्षातली, २०२५च्या नोव्हेंबरातली एकोणतीस तारीख, शनिवार, गुरुजींनी काढून दिली. मुलाकडच्यांनी ती मला कळवली आणि मी ती अण्णांना एका लांबलचक मेसेजमध्ये सांगितली. त्याच मेसेजात आधी आईच्या डोळ्यांची चौकशी होती, मग माझा पगार कधी होणार ते, मग मामांच्या गावचा रस्ता, आणि मध्येच कुठेतरी तारीख. अण्णांनी तो मेसेज कारखान्यातच, जेवणाच्या सुट्टीत, शेजारची लूम चालू असताना ऐकला आणि त्याच संध्याकाळी एका कार्यालयात अकरा हजार रुपये आगाऊ भरून एकोणीस तारीख घेतली.

चूक उघडी पडायला बारा दिवस गेले. काकांनी भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले, तेव्हा एकोणीसला बुधवार होता आणि कार्तिकही संपलेला नव्हता. रात्री अण्णांचा मेसेज आला: "तू एकोणीसच म्हणालास की रे. मी दोनदा ऐकलंय." मी म्हणालो, "अण्णा, एकोणतीस म्हणालो होतो." आता खरे काय ते पाहायला तो जुना मेसेज शोधणे भाग होते.

एवढ्याशा गोष्टीने कामाच्या निरोपांसाठी मला व्हॉइस मेसेजपासून कायमचे दूर केले. दोन आठवड्यांत आम्हा दोघांत ऐंशीच्या वर मेसेज झाले होते आणि सगळे दिसायला सारखेच. एक बाण, एक नागमोडी रेघ आणि मिनिटे-सेकंद, कशात काय आहे याची बाहेरून काहीच खूण नाही. मी खाटेवर पडून एकेक उघडत गेलो. रेघेवर अंगठा ठेवून पुढे सरकवावे तर तारीख ओलांडून मामांच्या रस्त्यावर जायचे आणि मागे आणावे तर पुन्हा आईच्या डोळ्यांपाशी. दुप्पट वेगाने लावले तर एकोणीस आणि एकोणतीस यांतला फरक उरतच नव्हता. तिकडे अण्णा हेच करत होते, आणि त्यांचा अंगठा तर दिवसभराच्या लूमच्या तेलाने आणि सुताच्या कोंड्याने माखलेला, स्क्रीन धड सरकतही नसे. सव्वा तासाने मला ते वाक्य सापडले. मी एकोणतीसच म्हणालो होतो, पण "तीस"चा "ती" माझ्याकडच्या वाऱ्यात गेला होता, त्यामुळे अण्णांचेही चुकले असे म्हणता येत नव्हते. कार्यालयाने आगाऊ रक्कम परत केली नाही. एकोणतीसची तारीख तिथे आधीच गेलेली होती, म्हणून आम्हाला लांबचे आणि लहान कार्यालय घ्यावे लागले. पैसे गेल्याचे दुःख महिन्यात विसरलो. तो सव्वा तास मात्र अजून आठवतो, कारण त्या वेळात आम्ही दोघे भाऊ एकमेकांवर मनातून चिडलो होतो.

आमच्या धंद्यात डीबीच्या, म्हणजे घराच्या विजेच्या मुख्य पेटीच्या, झाकणाच्या आत एक तक्ता चिकटवतात. कोणता एमसीबी (पेटीतला स्विच) स्वयंपाकघराचा, कोणता पाण्याच्या मोटारीचा, ते त्यावर लिहिलेले असते. तक्ता नसला तर पुढे येणाऱ्या वायरमनला एकेक स्विच पाडून घरभर ओरडत विचारावे लागते, "कुठली लाइट गेली?" त्या रात्री आम्ही दोघे हेच करत होतो. दुसऱ्या दिवशी मी साइटवरचा मटेरियल लिहायचा पॅड घेतला, वर "कार्यालय" असे लिहिले आणि खाली चारच ओळी लिहिल्या. तारीख आकड्यात, तारीख अक्षरात, वार, आणि साखरपुडा व हळद त्याच जागी की घरी. फोटो काढून पाठवला. अण्णांनी खाली "बरं" एवढेच उत्तर दिले आणि त्या तारखेबद्दल आमच्यात पुन्हा कधी बोलावे लागले नाही.

पुढे सगळे असेच झाले. एका कागदावर एकच विषय. पत्रिकेच्या मजकुराचा एक कागद, ज्यात आजोबांचे नाव कसे लिहायचे ते मोठ्या अक्षरात होते आणि पहिली पत्रिका सिद्धेश्वरांच्या देवळात ठेवायची, हेही. आचाऱ्याचा एक: किती पाने, हुग्गी (गव्हाची खीर) की बुंदी, भाकरी आणि शेंगाचटणी मुक्कामाच्या पाहुण्यांसाठी वेगळी. बस्त्याचा एक, जो घेऊन वहिनी चाटी गल्लीत दुकानोदुकानी फिरल्या. अण्णांनी प्रत्येक कागद आपल्या कारखान्याच्या वहीत उतरवून घेतला आणि काम झाले की त्या ओळीवर काट मारून त्या पानाचा फोटो मला उलट पाठवला. चॅटमधले फोटो एकत्र उघडून पाहता येतात, त्यामुळे शोधायलाही वेळ लागत नसे. टाइप करून का पाठवले नाही, असे कोणी विचारील. मी करून पाहिले. पण टाइप केलेल्या ओळी सकाळच्या शुभेच्छांच्या आणि नातेवाइकांच्या फोटोंच्या खाली दबून जातात आणि अण्णांना देवनागरी टाइप करता येत नाही, त्यामुळे उत्तर पुन्हा आवाजातच यायचे. ज्यांच्या घरी दोघांचाही हात त्यात बसलेला आहे, त्यांना ते कदाचित अधिक सोयीचे पडेल.

लिहिण्यात एक दोष आहे आणि तो लहान नाही. मानपानाच्या कागदावर मी नावापुढे अंदाजे रक्कम लिहिली होती. धाकट्या काकूंच्या नावापुढे साडी आणि त्यापुढे आकडा, आणि आत्याच्या नावापुढे त्याहून मोठा आकडा. वही अण्णांच्या घरी कट्ट्यावर पडलेली असे. काकूंनी ती पाहिली. त्या काही बोलल्या नाहीत, पण हळदीला उशिरा आल्या आणि लवकर गेल्या. तेच मी आवाजात अण्णांना सांगितले असते तर "काकूंचं तुम्ही तुमच्या मनानं बघा" एवढ्यावर भागले असते आणि कोणाला काही कळलेही नसते. मी सुट्टीवर आलो तेव्हा त्यांच्याकडे जाऊन आधी पाया पडलो आणि मग बसून बोललो. त्यांनी चहा केला, तेवढ्याने मला बरे वाटले. तेव्हापासून माणसाच्या नावापुढे रुपयाचा आकडा मी कागदावर लिहीत नाही. तो विषय आवाजाचाच आहे आणि तोही अण्णा घरात एकटे असताना.

त्यामुळे ज्यांच्या घरी वाचणारे कोणी नाही किंवा ज्यांचे कार्य दहा-पंधरा माणसांत, घरच्या घरी व्हायचे आहे, त्यांनी व्हॉइस मेसेजवरच राहिले तरी काही बिघडेल असे मला वाटत नाही. कदाचित त्यांचा भाऊ शांत ठिकाणी काम करत असेल आणि माझ्यावर आली तशी वेळ त्यांच्यावर येणारही नाही. पण ज्यांचा चुलतभाऊ कारखान्यात, गॅरेजमध्ये किंवा मार्केट यार्डात उभा राहून तुमचे बोलणे ऐकणार आहे आणि ज्याला त्या बोलण्यावरून कोणाला तरी पैसे मोजून द्यायचे आहेत, त्यांना मी कागदच सुचवीन. खुशाली बोला, पण तारीख, वेळ, माणसांची संख्या आणि पत्ता लिहा. तारखेपुढे वार न विसरता घाला, कारण आकडा चुकला तर वार त्याला पकडतो. आमच्याकडे काकांना चूक दिसली तीही बुधवारमुळेच.

सध्या मी सुट्टीवर सोलापुरात आहे. अण्णांच्या थोरल्या मुलीचे स्थळ पाहणे सुरू झाले आहे आणि या खेपेला धावपळ माझ्या मेहुण्याकडे येईल असे दिसते. काल अण्णा मधल्या मारुतीच्या बाजारातून येताना दोनशे पानी दोन वह्या घेऊन आले. एक त्यांनी स्वतःकडे ठेवली, आणि तशीच दुसरी माझ्या बॅगेत, कपड्यांच्या खाली, आपल्या हाताने ठेवून दिली.