पॅनासॉनिक ल्युमिक्स एफझेड२००: आजही घ्यावा का?

२०१२चा हा ब्रिज कॅमेरा (न निघणाऱ्या लांब झूम लेन्सचा) आज सेकंडहँड घेण्याजोगा आहे तो एकाच गोष्टीमुळे: २५ ते ६०० मिमी झूम आणि टोकापर्यंत एफ/२.८, म्हणजे लेन्सचं प्रकाश घेणारं छिद्र (अ‍ॅपर्चर) मोठंच राहतं. झाडावरचा तांबट पक्षी संध्याकाळी टिपताना ६०० मिमीवर आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ४००मध्ये काम भागतं. तेवढ्याच झूमच्या इतर कॅमेऱ्यांत अ‍ॅपर्चर आकसतं, मग आयएसओ वाढवावा लागतो. सेन्सर जेमतेम १/२.३ इंची, १२ मेगापिक्सेलचा. आयएसओ ८००च्या पुढे जेपेगमध्ये पिसं पुसल्यासारखी दिसतात, म्हणून रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) वापरा. एफ/५.६च्या पुढेही जाऊ नका. डिफ्रॅक्शनने, म्हणजे लहान छिद्रातून प्रकाश पसरल्याने, फोटो मऊ पडतो.

व्ह्यूफाइंडर आजच्या मानाने बारीक, वायफाय नाहीच. फोनवर फोटो हवे तर कार्ड रीडर घ्या. बॅटरी डीएमडब्ल्यू-बीएलसी१२. जुन्या बॅटऱ्या बऱ्याचदा फुगलेल्या निघतात, तेव्हा नवीचे पैसे धरूनच भाव करा.

घेताना झूम पाच-सहा वेळा पूर्ण आत-बाहेर करा. अडखळला किंवा करकरला तर सरळ परत द्या, कारण दुरुस्ती परवडत नाही. मग फक्त तपासणीसाठी एफ/८ला आकाशाचा फोटो काढा. करडे ठिपके दिसले तर आत धूळ आहे, आणि ही लेन्स निघत नाही.