युनिट ठोकळ्यांचा संच: बालवाडीने घ्यावा का, कोणता आणि किती

बालवाडीच्या साहित्यखर्चात यंदा एकच मोठी वस्तू बसत असेल, तर साध्या, न रंगवलेल्या लाकडी युनिट ठोकळ्यांचा संच घ्यावा. तो दहा-पंधरा वर्षे टिकतो, तीन ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला पुरून उरतो, आणि त्यातून भाषा, गणित, हाताची पकड, समतोल व एकमेकांशी जुळवून घेणे हे सगळे एकाच सतरंजीवर घडते. मात्र मापे बिनचूक हवीत आणि नग भरपूर हवेत. बाजारातल्या बहुतेक संचांत यांपैकी एकाची तरी बोंब असते.

मूळ कल्पना जुनी आहे. बालवाडीची कल्पना मांडणारा जर्मन शिक्षक फ्रोबेल याने मुलांसाठी खेळसाहित्याचे संच केले, त्यांना तो ‘भेटी’ म्हणे. त्यांतले ठोकळे छोटे होते: तिसऱ्या भेटीत एकेक इंचाचे आठ घन, टेबलावर मांडण्यापुरते. अमेरिकन शिक्षिका कॅरोलाइन प्रॅटने न्यूयॉर्कमध्ये 1914 मध्ये आपली खेळशाळा सुरू केली, तेव्हा मुलाला जमिनीवर बसून, अंग वापरून बांधता येतील असे मोठे ठोकळे तिने वापरात आणले. आज ज्यांना युनिट ठोकळे म्हणतात ते हेच. त्यांचे प्रमाण एकास दोनास चार: जाडी 35 मिमी, रुंदी 70, लांबी 140. हा झाला ‘पूर्ण’. 70 लांबीचा चौकोनी तो ‘अर्धा’, 280 चा ‘दुप्पट’, 560 चा ‘चौपट’. मुले ही नावे चार दिवसांत उचलतात, आणि अपूर्णांकांची पहिली ओळख पाटीवर न होता हातात होते: दुप्पट संपला की तेवढ्याच जागेत दोन पूर्ण बसतात, हे कुणी शिकवावे लागत नाही.

हे घडते ते मापे जुळतात म्हणूनच. दुकानात किंवा सुताराकडे एक परीक्षा जरूर करा. एक पूर्ण ठोकळा उभा ठेवा. शेजारी चार पूर्ण ठोकळे आडवे, एकावर एक. त्याच्या शेजारी दोन पूर्ण ठोकळे कडेवर, एकावर एक. तिन्हींची उंची 140 मिमी यायला हवी. वरून तळहात फिरवा. पायरी बोटाला जाणवली तर संच परत. ठोकळ्यामागे अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे दहा थरांच्या दोन खांबांत पाच मिलिमीटरचा फरक. मग वरचा आडवा ठोकळा डुगडुगतो, आणि मुलाला वाटते की आपल्यालाच जमत नाही. खराब संचाचा खरा तोटा हाच: चूक सुताराची, नाउमेद मात्र मूल.

पावसाळ्यात एक-दीड मिलिमीटरचा फरक पडला तर चालवून घ्यावा. लाकूड दमट हवेत रुंदीला आणि जाडीला फुगते, लांबीला जवळपास नाही; त्यामुळे चार थर उभ्या ठोकळ्यापेक्षा किंचित वर येतात. फरक त्याहून मोठा असेल, तर लाकूड ओले असतानाच कापले असे समजा.

लाकडात सध्या रबरवुडचा, म्हणजे रबराच्या झाडाच्या लाकडाचा, पर्याय सर्वांत व्यवहार्य. एका पूर्ण ठोकळ्याचे घनफळ 343 घनसेंमी, म्हणजे रबरवुडचा ठोकळा साधारण 210 ग्रॅम भरतो. तीन वर्षांच्या हाताला तो जड लागत नाही आणि रचला की जागचा हलत नाही. फक्त भट्टीत वाळवलेलेच घ्या. नीट प्रक्रिया न केलेल्या रबरवुडला कीड फार लवकर लागते. टाचणीएवढी भोके आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर ती खोकी बालवाडीत आणूच नका, शेजारच्या कपाटालाही लागण होईल. बीच झाडाचे लाकूड उत्तम, पण महाग. पाइन हलके असते, 160 ग्रॅमच्या आसपास, आणि कोपरे दबतात; दोन वर्षांत कडा गोलसर होतात. एमडीएफचे (लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेल्या फळीचे) ठोकळे पहिल्या दिवशी सर्वांत सुबक दिसतात, मापही अचूक असते. पण ओल्या फडक्याने पुसले किंवा कोकणातला एक पावसाळा गेला की कडा फुगून पुरीसारख्या होतात. सागवान टिकते, पण त्यावर पैसे घालवण्याचे कारण नाही.

कडा दोन-तीन मिमी गोल केलेल्या पुरेत. ‘सुरक्षित’ म्हणून सहा-सात मिमी गोल केलेले ठोकळे विकतात. ते एकमेकांवरून घसरतात. पॉलिशचेही तसेच. चकचकीत लॅकर मारलेला ठोकळा फोटोत देखणा दिसतो, पण रचताना निसटतो. बारीक पॉलिश पेपरने घासलेले कोरे लाकूड सर्वांत चांगले. तेल लावायचेच असेल तर खाण्याच्या जवसाचे, अगदी पातळ, आणि एप्रिल-मेमध्ये. सावकाश सुकते, जूनमध्ये लावले तर चिकट राहते. रंगाच्या दुकानातले ‘बॉइल्ड’ जवस तेल नको, त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंची संयुगे घातलेली असू शकतात. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप पेटू शकतात. पाण्यात भिजवून उन्हात पसरून वाळवा. आणि रंगीत ठोकळे? मूल निळ्यावर निळा ठेवण्यात गुंतते, आकार आणि तोल बाजूला राहतात.

आता नगांचा प्रश्न, जिथे सर्वाधिक फसवणूक होते. ‘100 नगांचा संच’ या शब्दांना काही अर्थ नाही. 30 मिमीचे शंभर घन म्हणजे जेमतेम पावणेदोन किलो लाकूड. शंभर पूर्ण ठोकळे म्हणजे 21 किलो. भाव नगावर नाही, वजनावर किंवा घनफुटावर ताडून पाहा. दुसरी चलाखी म्हणजे आकारांची रेलचेल: कमानी, घुमट, नक्षीदार खांब भरपूर, आणि साधे पूर्ण ठोकळे बारा. खेळाचा कणा मात्र साधा पूर्ण ठोकळाच असतो. तो संपला की खेळ थांबतो आणि हिसकाहिसकी सुरू होते. ज्या वर्गात ठोकळ्यांवरून रोज भांडणे होतात, तिथे मुलांना शिस्त लावण्याआधी पूर्ण ठोकळे मोजावेत.

वीस मुलांच्या वर्गात एका वेळी चार-पाच मुले बांधतील असे धरून हा हिशेब चांगला बसतो: पूर्ण 60, अर्धे 30, दुप्पट 30, चौपट 12, 35 मिमी चौरस आणि 140 उंच खांब 24, अर्ध्याच्या तिरप्या कापाचे त्रिकोण 12, पूर्णाच्या तिरप्या कापाचे उतार 8, कमानी 6, 35 मिमी व्यासाचे गोल खांब 12. एकूण 194 नग, तयार लाकूड सुमारे 2.6 घनफूट, वजन 45 किलोच्या आसपास. गिरणीतून आणताना कटाई आणि रंध्यात जाणारे धरून चार घनफूट सांगावे. पैसे कमी असतील तर पहिल्या वर्षी पूर्ण, अर्धे आणि दुप्पट एवढेच करा. कमानी सर्वांत शेवटी. त्यांच्या टोकांशी लाकडाचे धागे आडवे येतात आणि पडल्या की त्या तिथेच तुटतात. चौपट घेताना एका डोळ्याने कडेवरून पाहा, वाक लगेच दिसतो. गुळगुळीत फरशीवर ठेवून हलला तर घेऊ नका.

सुताराकडून करून घेणे हा आमच्या मते उत्तम मार्ग, फक्त त्याला ‘ठोकळे कापून द्या’ असे सांगू नका. आधी सगळ्या पट्ट्या 35 बाय 70 ला एकाच बैठकीत रंधून घ्यायला सांगा, मग एकच अडसर लावून लांबी कापायला. गुण्या (काटकोन तपासायचे सुताराचे साधन) लावून प्रत्येक दहावा ठोकळा तपासा. तयार संच घेत असाल तर आयएसआय खूण पाहा. खेळण्यांसाठी ती 1 जानेवारी 2021 पासून सक्तीची आहे आणि मानक आयएस 9873. सुताराच्या संचाला अशी खूण नसते, तेव्हा तपासणी तुमची: कूस (टोचणारे बारीक तंतू), भेगा, सैल गाठी. गिळण्याचा धोका मोजायच्या नळीचा व्यास 31.7 मिमी असतो. आपला सर्वांत बारीक ठोकळा 35 मिमीचा, त्यामुळे तो तीत उतरत नाही. चौपट मात्र 850 ग्रॅमचा असतो. पायावर पडला तर लागतो. तीन वर्षांच्या गटाला पहिले दोन-तीन महिने तो देऊ नये.

संच पोत्यात किंवा पेटीत ठेवला तर त्याचा निम्मा उपयोग गेला. मुले पेटी उलटी करतात, ढीग होतो, ढिगातून हवा तो आकार सापडत नाही, आणि ठोकळे फेकायच्या कामी येतात. मुलाच्या छातीएवढी उघडी मांडणी हवी. चौपट व दुप्पट तळाला, प्रत्येक कप्प्यावर त्या आकाराची खऱ्या मापाची कागदी आकृती चिकटवलेली. मग आवरणे हाच वर्गीकरणाचा खेळ होतो. मांडणीपासून एक फुटावर जमिनीवर चिकटपट्टी ओढा, तिच्या आत बांधायचे नाही. नाहीतर ठोकळा घ्यायला येणारे मूल दुसऱ्याचे घर पाडते. जागा आठ बाय दहा फूट, येण्याजाण्याच्या वाटेवर नको. खाली पातळ, ताणून बसणारी सतरंजी. फोमच्या चौकटींवर मनोरा डोलतो, आणि नुसत्या शहाबादी फरशीवर इतका आवाज होतो की शेजारच्या वर्गातल्या ताई दुसऱ्याच दिवशी तक्रार घेऊन येतील.

वेळ चाळीस मिनिटे तरी द्या. वीस मिनिटांत मुले जेमतेम भिंती उभ्या करतात. खेळातली गोष्ट त्यानंतर सुरू होते. शक्य असेल तिथे बांधकाम दुसऱ्या दिवसापर्यंत राहू द्या.

यापुढे सगळे ताईंवर. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ हॅरिएट जॉन्सनने 1933 मध्ये ठोकळ्यांच्या खेळाच्या पायऱ्या मांडल्या, आणि त्या कुठल्याही बालवाडीत आजही ओळखू येतात. आधी नुसते वाहून नेणे. मग ओळी आणि चळती. मग पूल, म्हणजे दोन उभ्यांवर एक आडवा. मग चार बाजू बंद करून केलेले कुंपण. मग नक्षी आणि दोन्हीकडे सारखेपणा. मग बांधलेल्याला नाव देणे. आणि शेवटी खरेखुरे काही बांधायचे ठरवून बांधणे, एसटी स्टँड, घाट, विहीर. वयापेक्षा अनुभवावर जास्त अवलंबून असते. पाच वर्षांचे मूल पहिल्यांदाच ठोकळे हाताळत असेल तर तेही आधी वाहून नेईल, फक्त पुढच्या पायऱ्या भराभर चढेल. म्हणून ‘हा अजून ओळीच लावतो’ ही तक्रार नाही, नोंद आहे.

पुलापाशी मुले सर्वाधिक अडतात. दोन उभे ठोकळे लांब पडतात, वरचा पोचत नाही. इथे ताईंचा हात पुढे येतो आणि शिकणे संपते. त्याऐवजी थांबा. मूल चिडू लागले तर एक दुप्पट ठोकळा काही न बोलता जवळ सरकवा. कुणी खांब जवळ ओढेल, कुणी लांब ठोकळा उचलेल. दोन्ही उत्तरे बरोबर.

बोलायचे काय? ‘शाब्बास’, ‘किती छान’ यांनी मूल तुमच्याकडे बघते, बांधकामाकडे नाही. जे दिसते ते सांगा: “दोन्ही बाजूंना दोन-दोन उभे केलेस, आणि वर लांब आडवा.” आडवा, उभा, तिरपा, मधोमध, कडेला, पलीकडे हे शब्द अशा वेळी जितके पक्के बसतात तितके चित्रफलकावरून बसत नाहीत. घरी वारली, कोरकू किंवा हिंदी बोलणाऱ्या मुलांसाठी तर हे फार मोलाचे. शब्द आणि वस्तू एकाच क्षणी समोर असतात, आणि मुलाने आपला शब्द वापरला तर ताईंनीही तो उच्चारावा. प्रश्न विचाराल तर खरा: “ही भिंत सारखी याच बाजूला का पडते?” “बस आत शिरणार कुठून?” ‘मोज बरं किती आहेत’ ही परीक्षा झाली, तिने खेळ मोडतो.

कोपरा दांडग्या मुलग्यांच्या ताब्यात जातो, हे जवळपास सगळीकडे होते. आठवड्यातले दोन दिवस मुलींपासून पाळी सुरू करा, आणि ताईंनी स्वतः तिथे जाऊन बसावे; मोठे माणूस बसले की कडेला उभी राहणारी मुले आपसूक येतात. प्राणी आणि माणसे सहा-आठच ठेवा. गाड्यांचा ढीग ओतला की बांधणे संपून शर्यत सुरू होते. पाडण्याचा नियम एकच पुरे: आपले बांधलेले आपण पाडावे, दुसऱ्याचे विचारून. उंची बांधणाऱ्याच्या खांद्यापर्यंत.

एकात एक अडकणारे प्लास्टिकचे ठोकळे याला पर्याय नाहीत. त्यांनी बोटांची ताकद वाढते, पण ते अडकून बसत असल्याने तोल सांभाळायची गरजच उरत नाही. ज्या अंगणवाडीला लाकूड परवडत नाही तिने दुधाचे, रसाचे रिकामे खोके धुऊन, आत चुरगळलेला कागद ठासून, तोंड चिकटवून वापरावेत. सगळे एकाच मापाचे निवडले तर बरेच काम भागते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला शिंपले, बिया, खडे यांवर बालवाडी उभी केली होती. स्वस्त म्हणजे कामचलाऊ असे मुळीच नाही, फक्त माप पाळावे.

देखभाल फारशी नाही. कोरड्या फडक्याने पुसणे. चिकट झाले तर पिळलेले ओले फडके आणि लगेच सावलीत वाळवणे, पाण्यात बुडवणे कधीच नाही. दर मे महिन्यात कूस निघालेले बाजूला काढून घासून घ्या. चौपटाला टोकाशी चीर गेली तर तो टाकून देऊ नका, पण मधोमध कापूही नका: करवतीच्या पात्यात दोन-तीन मिमी जातात आणि दोन्ही तुकडे दुप्पटीला तोकडे पडतात. चांगल्या टोकाकडून मोजून एक दुप्पट, एक पूर्ण आणि जमल्यास एक अर्धा काढा, चिरलेला तुकडा फेकून द्या.