ग्लारुसची लान्ड्सगमाइंड: बाहेरच्या माणसाने जाऊन बघावी का? (रिव्ह्यू)

मे महिन्यात स्वित्झर्लंडला येणारे मित्रमंडळी विचारतात की टिटलिस, युंगफ्राउ सोडून काय बघायचं, तर माझं उत्तर आता ठरलेलं आहे, मेचा पहिला रविवार मिळत असेल तर ग्लारुस. झ्युरिकहून ट्रेनने साधारण तासाभराचा रस्ता, छोटंसं गाव, डोक्यावर ग्लेर्निशचा उभा कडा, आणि त्या दिवशी गावातल्या त्साउनप्लाट्झ नावाच्या मैदानात अख्ख्या ग्लारुस कँटनचे (कँटन म्हणजे स्वित्झर्लंडमधलं राज्य) मतदार उघड्यावर उभे राहून कायदे करतात. याला म्हणतात लान्ड्सगमाइंड. तिकीट नाही. सकाळी साडेनऊला सुरू होते पण नऊच्या आधी पोचा.

आधी सोयीचं सांगतो. मैदानात लाकडी रिंग उभारलेली असते, त्यात फक्त मतदार, दारावर रंगीत मतदान कार्ड बघून आत सोडतात. आपण परदेशी म्हणजे रिंगच्या बाहेर पाहुण्यांच्या जागेत, तिथून दिसतं छान, आवाजही स्पीकरवर नीट येतो. अडचण भाषेची. सगळं जर्मनमध्ये, त्यातही बरीच जणं स्थानिक बोलीत बोलतात, मला इथे राहून जर्मन कळतं तरी पहिल्या अर्ध्या तासात निम्मंच कळलं. ज्यांना जर्मन अजिबात येत नाही त्यांनी कोणीतरी सांगणारा सोबत न्यावाच, नाहीतर तासाभरात कंटाळा येईल हे खरं आहे. ऊन असो की पाऊस, तासन् तास उघड्यावर, त्यामुळे टोपी आणि जाकीट दोन्ही घ्या.

आता मुख्य गोष्ट. मधे लाकडी मंचावर लान्डअमान, म्हणजे कँटनचा प्रमुख, हातात जुनी तलवार टेकवून उभा. मंचाच्या अगदी पायाशी शाळेची मुलं बसवलेली असतात, ती सगळं जवळून बघतात आणि मला ती पद्धत फार आवडली. एक एक विषय पुकारला जातो आणि ज्याला बोलायचंय तो वर जाऊन बोलतो. आमदार असायची गरज नाही, पक्षाची नाही, कोणीही मतदार. आणि नुसतं बोलत नाहीत, दुरुस्ती मांडतात! मी पाहिलं त्यात एक बाई वर गेल्या, कलमाचा नंबर सांगितला, यातले हे शब्द काढा आणि त्याऐवजी हे घाला म्हणाल्या, कारण दोन-तीन वाक्यांत दिलं आणि खाली उतरल्या. त्यांच्याविरुद्ध एक म्हातारे गृहस्थ बोलले, मग सरकारच्या बाजूने एक मंत्री, आणि लगेच मतदान. हजारो कार्डं एकदम वर, मग विरोधातली वर, लान्डअमान नजरेने अंदाज घेतो कुठली जास्त, शंका आली तर पुन्हा कार्डं वर करायला लावतो, सहकारी मंत्र्यांना विचारतो आणि निकाल सांगतो. मोजणी नाही. जो निकाल लागला तो कायदा, पुढे अपील विधानसभेकडे वगैरे काही नाही.

हे नुसतं सोहळ्यासाठी चालू ठेवलंय असं वाटत असेल तर २००६ बघा. कँटनमध्ये तेव्हा २५ नगरपालिका-ग्रामपंचायती होत्या आणि सरकारचा प्रस्ताव होता त्या १० करायचा. एका साध्या नागरिकाने मैदानात उठून दुरुस्ती मांडली, १० कशाला, ३ करा. आणि मैदानाने ती पास केली!! कोणाच्याच तयारीत नव्हतं. नंतर २००७ मध्ये यावरून खास लान्ड्सगमाइंड बोलवावी लागली, तिथेही लोक निर्णयावर ठाम राहिले, आणि २०११ पासून ग्लारुसमध्ये खरोखर ३ च पालिका आहेत. २००७ लाच याच मैदानात मतदानाचं वय १६ केलं, स्वित्झर्लंडमध्ये पहिल्यांदा. आणि मागे गेलं तर १८६४, कापडछपाईच्या गिरण्यांचा जमाना, तेव्हा इथे हात वर करून फॅक्टरी कायदा केला की प्रौढ कामगारालाही दिवसाला १२ तासांवर राबवायचं नाही. मालक त्याच मैदानात, कामगारही त्याच मैदानात. विचार करा.

पहिली लान्ड्सगमाइंड १३८७ ची. म्हणजे सहाशेहून जास्त वर्षं. पण माझं मत असं की जुनी आहे म्हणून ती टिकलेली नाही. जुन्या तर बाकीच्या कँटनमध्येही होत्या, निडवाल्डनची १९९६ ला बंद झाली, आपेन्झेल आउसररोडनची १९९७, ओबवाल्डनची १९९८. आता फक्त ग्लारुस आणि आपेन्झेल इनररोडन. ग्लारुसमध्ये लोक येतात कारण आल्याने फरक पडतो, आपण उठून बोललो तर मजकूर बदलू शकतो हे माहीत असतं. दुसरं म्हणजे मेमोरिअल नावाची पुस्तिका. सभेच्या काही आठवडे आधी घरोघरी येते, प्रत्येक विषय, कायद्याचा मसुदा, सरकारचं म्हणणं, विरोधातलं म्हणणं, सगळं. माझ्या ऑफिसातला ग्लारुसचा सहकारी ती पेन्सिलीने खुणा करत वाचतो. आणि एकटा मतदारसुद्धा आधी अर्ज देऊन विषय अजेंड्यावर आणू शकतो, तो त्या पुस्तिकेत छापला जातो. मला विचाराल तर या सगळ्यात सगळ्यात भारी प्रॉडक्ट म्हणजे ही पुस्तिका. मंच, तलवार, रिंग उद्या काढून टाकली तरी चालेल, पुस्तिका काढली तर मैदानात नुसती गर्दी उरेल.

हे मनापासून लिहितोय कारण आमच्या गावची ग्रामसभा मी लहानपणापासून पाहिलीय. कायदा आपल्याकडेही आहे, १९५८ चा ग्रामपंचायत कायदा, तारखाही पाठ, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. पण नोटीस बोर्डावर एक कागद, त्यावर "आयत्या वेळचे विषय", कोरम नाही म्हणून सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून पुढच्या वेळी मोजक्या डोक्यांत सगळे ठराव मंजूर, नंतर सह्यांचं रजिस्टर घरोघरी. लोकांना कळतं की आपण गेल्याने काही बदलत नाही, मग कशाला जातील. तेच गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखात बघा, गोंड गाव, तिथे बसून बोलून ठरवायची रीत जुनीच, पण त्यावर त्यांनी अभ्यासगट उभा केला, आधी विषय समजून घ्यायचा मग सभेत बसायचं, आणि निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. २००९ मध्ये १८०० हेक्टरवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला त्यांनी. ग्लारुस आणि मेंढा दोन्हीकडे मला एकच गोष्ट दिसते, लोक येण्याआधी विषय लोकांपर्यंत गेलेला असतो.

उणिवा लिहिल्याशिवाय रिव्ह्यू पुरा होणार नाही. मत गुप्त नाही, शेजारी, मालक, सासरे सगळे बघतात तुमचं कार्ड कधी वर गेलं, आणि छोट्या खोऱ्यात ही लहान गोष्ट नाही. त्या रविवारी हॉस्पिटलात ड्युटी असलेली नर्स, अंथरुणाला खिळलेले आजोबा, तान्हं बाळ असलेली आई, यांचं मत मोजलंच जात नाही. परदेशी लोक कितीही वर्षं राहू देत, बाहेरच. आणि बायका! ग्लारुसने बायकांना इथे मत दिलं १९७१ ला. आपेन्झेल इनररोडनच्या पुरुषांनी तर एप्रिल १९९० लाही नाही म्हटलं, शेवटी त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने लादलं. आपल्याकडे पहिल्याच निवडणुकीपासून आयाबहिणींनी मत दिलेलं आहे, तेव्हा इथे येऊन भारावताना हे विसरू नका. परंपरा कोणाकोणाला बाहेर ठेवून चालत होती हे विचारलंच पाहिजे. मी एक स्टार याच्यासाठीच कापतोय.

खाण्याचं. सभा सुटली की गावात बाजार भरलेला असतो. त्या दिवसाचं ठरलेलं जेवण म्हणजे काल्बरवुर्स्ट, वासराच्या मांसाचं सॉसेज, सोबत मॅश्ड बटाटे आणि शिजवलेले सुके प्लम, तेव्हा बीफ न खाणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्या. शाकाहारी लोकांनी ग्लार्नर पास्टेटे घ्यावी, पापुद्र्याची गोड पेस्ट्री, एका बाजूला प्लमचं सारण, दुसऱ्या बाजूला बदामाचं, पण लोणी-अंडं चालत असेल तरच. आणि शाब्झिगर नावाचं हिरवट चीज नक्की चाखा, त्यात निळ्या मेथीची पानं असतात, वास उग्र आहे पण गरम बटाट्यावर किसून लोण्याबरोबर खाल्लं की मस्त लागतं, मला तर घरची कसुरी मेथी आठवली. हे चीज कसं करायचं आणि त्यावर शिक्का मारायचा याचा नियमसुद्धा १४६३ च्या लान्ड्सगमाइंडनेच केलेला आहे.

५ पैकी ४. लहान मुलांना न्या, आधी मेमोरिअल डाउनलोड करून निदान एक विषय तरी भाषांतर करून वाचा, त्या एका विषयावरचं भाषण ऐकताना सगळं लक्षात येतं. परतीच्या ट्रेनला गर्दी असते, तेव्हा जेवून निवांत चारनंतरची पकडा.