जुन्या डोमेनवरून गेलेला मेल आणि बुडालेलं पेमेंट

तुमच्या धंद्याची दोन-तीन डोमेन (वेबसाइट आणि मेलच्या पत्त्यातली नावं) असतील आणि त्यांचा सगळा कारभार वेबसाइटवाल्याच्या हातात असेल, तर आमच्या बाबतीत काय घडलं ते जरूर वाचा.

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. २०११ पासून एक डॉट कॉम डोमेन होतं. पुढे फर्मचं नाव बदललं तेव्हा नव्या नावाची डॉट कॉम आणि डॉट इन अशी आणखी दोन घेतली. जुन्या पत्त्यावरचा मेल आपोआप नव्या पत्त्यावर येईल, अशी सोय वेबसाइटवाल्या एजन्सीने लावून दिली. दरवर्षी त्यांचं बिल यायचं. त्यात तिन्ही डोमेनची नावं आणि समोर नूतनीकरणाची रक्कम. आम्ही ते वेळच्या वेळी भरत होतो.

२०२४ च्या पावसाळ्यात भोसरीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला पेमेंटसाठी फोन केला. त्यांच्या अकाउंट्सचे साहेब म्हणाले, "अहो, आरटीजीएस केव्हाच केलंय. खातं बदललं म्हणून तुम्हीच कळवलंत ना?" त्यांनी तो मेल आम्हाला पाठवला. लेटरहेड आमचं, पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर बरोबर, बिलाची रक्कम पैशापैशाला जुळणारी. खातं मात्र दुसरंच, आणि आयएफएससी टाकून पाहिला तर शाखा भलत्याच राज्यातली. पाठवणाऱ्याचा पत्ता आमचाच, जुन्या डोमेनचा. त्यात एक अक्षरही इकडचं तिकडे नव्हतं.

कुणीतरी आमचा मेल हॅक केला, असंच सगळ्यांना वाटलं. पासवर्ड बदलले, फॉरवर्डिंगचे नियम तपासले, काहीच सापडलं नाही. माझ्या पुतण्याने मेलचं हेडर, म्हणजे तो कुठून कसा आला याची तांत्रिक नोंद, उघडलं. मेल खरंच त्या डोमेनवरून आला का हे तपासणाऱ्या चाचण्या असतात: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क. तिन्हींपुढे 'पास'. खोटा पत्ता लावून मेल पाठवला असता तर इथे पकडला गेला असता. मग त्याने आयकॅनच्या (डोमेनचा कारभार पाहणारी जागतिक संस्था) लुकअपवर डोमेनची नोंद काढली आणि उलगडा झाला. नोंदणीची तारीख २०११ ची हवी होती, तिथे काही महिन्यांपूर्वीची होती.

म्हणजे डोमेन सुटलं होतं आणि परक्या माणसाने ते रीतसर विकत घेतलं होतं. डॉट कॉम मुदत संपताच जात नाही. रजिस्ट्रार (डोमेनची नोंदणी करणारी कंपनी) काही दिवस थांबतो, मग ३० दिवस जादा पैसे भरून ते सोडवता येतं, त्यानंतर ५ दिवसांनी ते कुणालाही मिळतं. या काळातले इशाऱ्याचे मेल एजन्सीला जात होते, कारण डोमेन त्यांच्या खात्यात होतं. आणि त्या वर्षीही नूतनीकरणाचे पैसे त्यांनी आमच्याकडून घेतले होते! याला नजरचूक म्हणायला मी तयार नाही. त्यांच्याविरुद्ध आम्ही लेखी तक्रार दिली आहे.

नव्या मालकाने कॅच-ऑल लावला असणार. कॅच-ऑल म्हणजे त्या डोमेनच्या कुठल्याही पत्त्यावर आलेला मेल एकाच पेटीत पडतो. भोसरीच्या खरेदी विभागाच्या सीसीत आमचा जुना पत्ता अजून होता. पीओ, बिलं, तारखा, सगळं त्याच्याकडे आयतं जात होतं. बँक, कुरियर, जीएसटी, जिथे जिथे जुना पत्ता नोंदवलेला होता, तिथला पासवर्ड बदलण्याचा दुवाही त्यालाच मिळाला असता. ते पत्ते बदलण्यात आमचा पूर्ण आठवडा गेला.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार गिऱ्हाइकाने केली, कारण पैसे त्यांच्या खात्यातून गेले होते. थोडी रक्कम गोठवता आली, बाकीची तोवर काढली गेली होती. त्यांनी एकदा पैसे दिले होते आणि आम्हाला एक रुपयाही मिळाला नव्हता. शेवटी नुकसान अर्धं-अर्धं वाटून घेतलं. एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस-एनईएफटी करण्याआधी खातेदाराचं नाव पाहता येतं. ती सोय जरूर वापरा.

डोमेन स्वतःच्या नावाच्या खात्यात घ्या. एजन्सीकडून ट्रान्सफरचा कोड (डोमेन दुसरीकडे हलवायला लागणारा) मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. नूतनीकरण झालं का हे फक्त बिलावरून ठरवू नका. लुकअपवरही मुदत संपल्या-संपल्या पाहिलंत तर पैसे न भरताच पुढच्या वर्षीची तारीख दिसू शकते, म्हणून दीड-दोन महिन्यांनी पुन्हा पाहा. वापरात नसलेलं डोमेनही सोडू नका, वर्षाला हजार-दीड हजाराचा प्रश्न असतो.

आमचं जुनं डोमेन अजून त्या माणसाकडेच आहे. ते परत मिळवायचं तर वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे दाद मागता येते, पण त्याची फीच १५०० डॉलर, आणि नावावर आपला ट्रेडमार्कचा हक्क दाखवावा लागतो. जुनं नाव आम्ही कधी ट्रेडमार्क केलेलं नव्हतं. म्हणून एकेका गिऱ्हाइकाला फोन करून, त्या डोमेनवरून येणारा प्रत्येक मेल सर्व्हरवरच अडवायला सांगितलं आहे.