डबल स्टँड नसलेली गाडी : पुणे-लेह-पुणे आणि नंतरचे महिने

चेन-स्प्रॉकेटचा सेट, म्हणजे चेन आणि ती ज्यांवर फिरते ती दातेरी चक्रं, शेवटी बदलावा लागला. सर्व्हिस सेंटरवाल्याने साडेचार हजारांचं बिल हातात ठेवलं आणि वर ऐकवलं, "सर, चेनला वेळेवर ऑईल झालेलं दिसत नाही." वॉरंटीचं विचारलं तर म्हणे ते कन्झ्युमेबलमध्ये, म्हणजे झिजणाऱ्या भागांत, येतं. मी म्हटलं, ऑईल करायला मागचं चाक उचललेलं लागतं, त्यासाठी तुमच्या कंपनीने काय दिलंय? तर डबल स्टँड ॲक्सेसरीत मिळतो! पुढचा संवाद लिहिण्यासारखा नाही. गाडीचं नाव विचारू नका. चारशे सीसीच्या आतली, तारांच्या चाकांची, 'ॲडव्हेंचर' म्हणून विकतात ती. ओळखणारे ओळखतील, आणि स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ असतातच.

एकट्याने गेलो होतो. जाताना धुळे, सेंधवा, इंदूर, कोटा, जयपूर, चंदीगड, मनाली, लेह. येताना कारगिल, श्रीनगर, जम्मू. इंजिनाबद्दल तक्रार नाही. मनाली-लेह रस्त्यावरची टांगलांग ला ही खिंड साडेसतरा हजार फुटांच्या आसपास आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. फ्युएल इंजेक्शन असलं तरी ताकद पडणारच. कण्हत चढली, पण बंद पडली नाही. सीटला इंदूरपर्यंत शिव्या घातल्या, मग विसरलो. हेडलाइट बरा. झालं.

आता स्टँड. मॅन्युअल सांगतं, दर पाचशे किलोमीटरला चेनला ऑईल. लांबच्या प्रवासात ते जवळजवळ रोज संध्याकाळी येतं. मागचं चाक साधारण अडीच वेळा फिरलं की चेन एकदा पूर्ण फिरते, म्हणजे सगळ्या कड्यांना ऑईल लावायला गाडी पाचेक मीटर ढकलायला हवी. पाच मीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? सामानासकट दोनशे किलोंच्या वर गेलेली गाडी हातभर ढकला, साईड स्टँडवर लावा, उकिडवे बसा, समोर दिसेल तेवढ्या कड्यांवर ऑईल सोडा, उठा, पुन्हा ढकला. राजस्थानातल्या ढाब्यापुढच्या सपाट अंगणात हे चालून जातं. मनाली-लेह रस्त्यावरच्या सरचूला, चौदा हजार फुटांवर, बुटाची नाडी बांधताना धाप लागते. तिथे मी अर्धी चेन केली आणि तंबूत जाऊन पडलो.

दुसरी युक्ती सगळेच सांगतात. गाडी साईड स्टँडवर आपल्याकडे ओढून तिरकी करायची आणि पलीकडच्या स्विंगआर्मखाली (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याखाली) लाकडी ठोकळा सरकवायचा, की चाक अधांतरी. दोघे असाल तर अर्ध्या मिनिटाचं काम, एकट्याला तिसरा हात लागतो. आणि चाक उचललं म्हणून इंजिन चालू करून, गिअर टाकून फिरत्या चेनला फडकं लावणारे महाभाग आहेत. बोटं जातात, करू नका.

तारांच्या चाकांत ट्यूब, म्हणजे पंक्चर झालं की चाक काढणं आलं. कोट्याच्या पुढे झालंच. पंक्चरवाल्याने इकडे तिकडे पाहिलं, "स्टँड नहीं है?" असं अविश्वासाने विचारलं आणि इंजिनखालच्या पत्र्याला सरळ ट्रकचा जॅक लावला. पोचा अजून आहे.

सरचूच्या पुढे, पांगच्या अलीकडे कच्च्या पट्ट्यातली धूळ ओल्या ऑईलला चिकटून चेनवर पॉलिश पेपरसारखा थर जमला. धुवायला रॉकेल उत्तम, पण रॉकेल आता पुण्यात मिळत नाही, तिथे कुठलं? एका ट्रकवाल्याने बाटलीभर डिझेल दिलं. पेट्रोल वापरू नका, सील्ड चेनच्या कड्यांत आतलं ग्रीस धरून ठेवणाऱ्या रबरी रिंगा असतात, त्या खराब होतात. लडाखात बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही आणि माझं प्रीपेडच होतं, त्यामुळे पुण्यातल्या मेकॅनिकला फोन करून विचारायचीही सोय नव्हती.

द्रासला एमएच-१२ बघून एक जवान थांबला. जावळीचा निघाला. त्याने गाडी तिरकी धरली, मी ठोकळा सरकवला, आणि सबंध प्रवासात चेन एकदाच काय ती मनासारखी साफ झाली. यावर कुणी म्हणेल, बघा, स्टँड नसल्यामुळे माणसं भेटतात. माणसं चहा पितानाही भेटतात, त्यासाठी चेन कोरडी ठेवायची गरज नाही.

परत आल्यावर नाना पेठेत स्टँड घेऊन बसवला. कंपनीचा अडीच हजारांचा, हा निम्म्यात, आणि स्प्रिंगसुद्धा त्यातच. रविवारी सकाळी चाक हाताने फिरवत ९० नंबरचं गिअर ऑईल सोडायचं, दहा मिनिटांत विषय संपला. स्प्रेच्या महागड्या डब्या तेव्हापासून बंद. इथवर लिहून हा रिव्ह्यू संपवणार होतो.

पण मग वरंध घाटात डाव्या वळणावर खालून खर्रकन आवाज आला. स्टँडची पायाने दाबायची दांडी डावीकडेच असते, ती रस्त्याला टेकत होती. म्हणजे जमिनीपासूनचं अंतर कमी होतं, वर काही किलो वजन वाढतं, म्हणून कंपनी देत नाही, हे तेव्हा पटलं. कंपनी अगदीच मूर्ख नाही. मात्र ही गोष्ट गाडी विकताना सांगा ना! शोरूममध्ये मला मोबाईल जोडून गाणी कशी लावायची हे पंधरा मिनिटं समजावलं, स्टँडबद्दल अवाक्षर नाही.

तरी स्टँड काढलेला नाही. मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, दोन खाचा वाढवला, गाडी मागून जरा उचलली गेली, आता वरंधात घासत नाही. सिग्नलला टाचा टेकत नाहीत, चवड्यांवर तोलावी लागते. मला एकट्याला ते चालतं. बायको मागे बसायची ती आता स्कूटर काढते.