‘नाही’ लिहा म्हणाला, आणि मी लिहू दिलं

२०१३ साली मला अटक झाली होती. ही गोष्ट मी अकरा वर्षं कुणाला सांगितली नाही. या लपवण्यावरच एका व्हिसा एजंटने माझ्याकडून एक लाख पाचशे रुपये काढले. तुमच्यापैकी कुणाच्या पाठीशी असं एखादं जुनं प्रकरण असेल आणि परदेशी जायचं असेल, तर कृपा करून हे शेवटपर्यंत वाचा.

प्रकरण असं होतं. मिरजेत आमच्या बिल्डिंगला सामायिक बोअर आहे. पाण्याच्या पाळीवरून शेजाऱ्याशी बाचाबाची झाली, झटापट झाली, तो ओट्याच्या कडेवर पडला आणि कपाळाला चार टाके पडले. मी मोटर खोलून बसलो होतो, त्यामुळे हातात पाना होता. पान्याने मारलं अशी त्याने फिर्याद दिली. भारतीय दंड विधानाचं कलम ३२४, हत्याराने दुखापत केल्याचं. संध्याकाळी मला घरातून नेलं, रात्र ठाण्यात काढली, दुसऱ्या दिवशी जामिनावर सुटलो. पुढे तपासात समोरच्या दोन बायकांनी डोळ्यांनी पाहिलं ते सांगितलं. पोलिसांनी दोषारोपपत्र पाठवलंच नाही, कोर्टाला ‘सी समरी’ (केस बंद करायचा अहवाल) पाठवली. म्हणजे फिर्याद मुद्दाम खोटी दिलेली नाही, पण जे घडलं तो गुन्हाही नाही, गैरसमजातून प्रकरण उभं राहिलं. कोर्टाने ती मंजूर केली. खटला उभाच राहिला नाही. शेजाऱ्याशी बोलणं पुन्हा सुरू झालं. घरात तो विषय कायमचा बंद झाला.

त्याआधी, २०१० मध्ये, आम्ही दोघं थोरलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जाऊन आलो होतो. तेव्हाचा दहा वर्षांचा व्हिसा २०१९ मध्ये संपला. २०२४ मध्ये धाकटीला दिवस गेले. ती टेक्सासात असते. ती म्हणाली, आई-बाबा, तुम्ही दोघंही या. बायकोचा व्हिसा अजून चालू होता, तिने तो नंतर नव्याने काढला होता. माझाच नव्याने काढायचा होता.

अर्जात अटकेचा प्रश्न असतो एवढं मी ऐकून होतो. पोटात गोळा आला. जावयांना सांगायची लाज वाटली. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. ओळखीच्या एकाने सांगलीतल्या व्हिसा एजंटकडे पाठवलं. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

माणूस बोलायला फार गोड. ‘काका, टेन्शन घेऊ नका, अशा फायली रोज करतो.’ चहा मागवला. दार लावून घेतलं. माझं सगळं ऐकलं आणि म्हणाला, ‘काका, तुमच्या २००९ च्या अर्जात अटकेपुढे ‘नाही’ लिहिलंय. आता ‘हो’ लिहिलं तर दोन अर्जांत तफावत येणार. कॉम्प्युटर लगेच पकडतो. कायमचे बाद व्हाल.’

मला हे पटलं. का पटलं याचा मी खूप विचार केलाय. माणूस घाबरलेला असला की हिशेब करत नाही. २००९ चा अर्ज अटकेच्या चार वर्षं आधीचा. तेव्हाचं ‘नाही’ खरंच होतं, आणि आताचं ‘हो’ही खरंच ठरलं असतं. तफावत कुठे आली? कागदावर दोन साल लिहून पाहिली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं. मी लिहून पाहिली नाहीत.

मग त्याने ‘रेकॉर्ड क्लिअरन्स’ काढलं. ठाण्यातून जुनी नोंद काढून टाकायची, वर ‘निरंक’ असा दाखला आणायचा, सत्तर हजार. दोन हप्ते, रोख. फाइलचे बारा हजार वेगळे. व्हिसाची फी म्हणून साडेअठरा हजार. ती फी १८५ डॉलर आहे, म्हणजे तेव्हा साडेपंधरा हजारांच्या आसपास, हे मला नंतर कळलं. पावती फक्त बारा हजारांची मिळाली.

तीन आठवड्यांनी दाखला हातात आला. गोल शिक्का, सही, वर सिंह. मी तो देवघराच्या कपाटात ठेवला.

हे बाहेर कसं आलं, तर जावयांमुळे. व्हिडिओ कॉलवर ते सहज म्हणाले, ‘बाबा, मुलाखतीआधी अर्ज एकदा मला पाठवा, पत्ता बघून घेतो.’ माझ्याकडे फक्त फोटो आणि बारकोडचं एक पान होतं. ते म्हणाले, हे पोचीचं पान आहे, पूर्ण अर्ज बराच लांबलचक असतो. मी एजंटकडे गेलो. तो टाळायला लागला. मी उठलोच नाही. शेवटी त्याच्या मुलीसारख्या वाटणाऱ्या एका ऑपरेटरने स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि माउसचं चाक फिरवत गेली. माझं नाव, माझ्या वडिलांचं नाव, आमचं घर, आणि मग सुरक्षेचं पान. एकाखाली एक, सगळीकडे ‘नो’. अटकेचा प्रश्न इंग्रजीत होता, पण मला तेवढं वाचता येतं. तुम्हाला कधीही अटक झाली होती का किंवा शिक्षा झाली होती का, नंतर माफी मिळाली असली तरी. पुढे ‘नो’. शेवटी आणखी एक प्रश्न होता, अर्ज भरायला कुणी मदत केली का? तिथेही ‘नो’. आणि खाली माझी सही म्हणून बटण दाबलेलं. ते बटण अर्जदाराने स्वतःच दाबायचं असतं. मी तर तो अर्ज पाहतच पहिल्यांदा होतो.

त्या रात्री मी जावयांना फोन लावून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते नाराज होतील. ते म्हणाले, ‘बाबा, एवढंच? हे आधी सांगायचं ना.’ त्यांनी तिथल्या वकिलाला विचारलं. त्यातून जे कळलं ते मी सगळ्यांना सांगत सुटलोय. केवळ अटक झाली होती म्हणून व्हिसा नाकारलाच पाहिजे असा नियम नाही. प्रश्न विचारतात, कागद मागतात, उशीर लागू शकतो. पण महत्त्वाची गोष्ट मुद्दाम खोटी सांगितली असं ठरलं, तर त्यांच्या कायद्याने माणूस आयुष्यभरासाठी अपात्र ठरतो. पुढे जायचं तर दर वेळी खास सूट मागावी लागते. कॅनडाच्या अर्जातही अटकेबद्दल सरळ विचारतात, आणि तिथे खोटं सापडलं तर पाच वर्षं बंदी. म्हणजे माझी अटक मला अडवत नव्हती. मला कायमचं अडवणारी गोष्ट मी सत्तर हजार देऊन विकत घेतली होती.

दाखल्याचंही तसंच. माझे एक मित्र निवृत्त हवालदार आहेत. त्यांनी कागद उजेडाला धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि अगदी जवळून पाहिला. जावक क्रमांकापुढे साल नव्हतं. शिक्क्यात ठाण्याच्या नावातली वेलांटी चुकलेली. खालची तारीख रविवारची. ‘हा आमच्याकडचा कागदच नाही,’ ते म्हणाले. खरा दाखला पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून मागवता येतो, फी ५०० रुपये. आणि पर्यटक व्हिसाला अमेरिका तो मागतच नाही! जुनी नोंद पैसे देऊन पुसता येते हेही खोटं. तो बनावट कागद मी खिडकीवर दिला असता तर काय झालं असतं, याचा विचार आला की आजही झोप उडते.

पुढची धावपळ थोडक्यात सांगतो. अपॉइंटमेंटचं खातं एजंटच्या ईमेलवर होतं, पासवर्ड तो देईना. मदत केंद्राला पासपोर्टच्या प्रतीसह पत्रं लिहून ते माझ्या ईमेलवर आणायला पाच आठवडे गेले, तोवर मुलाखतीची तारीख हातची गेली. फी परत मिळत नाही, नव्याने भरली. मिरजेच्या कोर्टात नकलेचा अर्ज दिला. जुनं रेकॉर्ड शोधायला वेळ लागला, पण समरी मंजूर झाल्याच्या आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल मिळाली. फिर्यादीची प्रत, जामिनाचा कागद आणि तिन्हींचं इंग्रजी भाषांतर. वकिलांनी सगळ्याचे मिळून तीन हजार घेतले. नवा अर्ज जावयांनी व्हिडिओ कॉलवर शेजारी बसल्यासारखा माझ्याकडून भरून घेतला. ‘हो’ लिहिलं आणि खालच्या चौकटीत चार ओळींत हकीकत.

मुंबईत बीकेसीला अमेरिकेच्या वकिलातीत मुलाखत झाली. खिडकीवर मी कुणी विचारायच्या आत सांगितलं, आधीच्या अर्जात चुकीचं उत्तर गेलंय, ते एजंटने भरलं होतं, हा खरा अर्ज आणि हे कोर्टाचे कागद. दुभाषी बाईंनी ते पुढे सांगितलं. अधिकाऱ्याने आदेश वाचला आणि विचारलं, त्या माणसाला किती लागलं होतं? म्हटलं, चार टाके. आता तो कसा आहे? म्हटलं, येताना त्याच्याकडेच घराची किल्ली देऊन आलोय. त्यांनी कागद आत ठेवून घेतले, कारवाई बाकी असल्याची चिठ्ठी दिली. दोन महिन्यांनी व्हिसा आला.

नात तोवर पालथी पडायला लागली होती. बायको एकटी गेली होती, पहिल्यांदाच, इंग्रजीचा गंध नसताना. धाकटीला सिझेरियन झालं त्या रात्री मी इथे फोन उशाशी घेऊन बसलो होतो. हे नुकसान कुठल्याच तक्रारीत लिहिता येत नाही.

पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही. बनावट दाखल्याची तक्रार ठाण्यात वेगळी दिली, मूळ कागद जमा करून पोच घेतली. रोख सत्तर हजारांचा पुरावा माझ्याकडे फक्त एक व्हॉट्सॲप संदेश आहे, ‘काका, दुसरा हप्ता मिळाला’ असा. तो मी खोडला नाही, एवढं बरं केलं. तुमच्याकडे असा दाखला असेल तर रागाने फाडू नका, वापरूही नका, आणि संदेश जपून ठेवा. पासवर्ड तुमच्या हातात आणि पूर्ण अर्ज तुमच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय कुणाला पैसे देऊ नका.

माझी गोष्ट कळल्यावर त्याच एजंटचे आणखी एक गिऱ्हाईक मला येऊन भेटले. कुपवाडचे आहेत, मुलाकडे कॅनडाला जायचंय, त्यांनाही ‘निरंक’ मिळालाय. वेलांटी तशीच चुकलेली. अर्ज सुदैवाने अजून गेलेला नाही. उद्या सकाळी ते कोर्टात नकलेचा अर्ज द्यायला येणार आहेत. मी सोबत जाणार आहे.